महाडच्या चवदार तळ्याचे दोन ठराव : एक साधनपरीक्षण

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यास रत्नागिरीचा फांटा ज्या गांवीं फुटतो तें गांव हातखंबा. दक्षिण कोंकणांत जुन्या कागदांच्या शोधास निघालेला गृहस्थ या फांट्यावरून एकदां तरी गेलेला असतो. त्याच्या शोधाच्या जागा ठरलेल्या असतात. खोताचें घर, उपाध्यायाचें घर, देवस्थानची पेटी, आणि माळ्यावर रुमालांत बांधून ठेवलेलें मोडी दप्तर. असें दप्तर हातीं लागलें म्हणजे प्रवास सार्थकीं लागला असें तो मानतो. याच हमरस्त्यावर उत्तरेस चिपळूण व महाड हीं नगरें आहेत. फांट्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे रत्नागिरी लागते. या तिन्ही ठिकाणीं नगरपालिका आहेत, व रत्नागिरीची तर १८७६ सालापासून आहे. परंतु नगरपालिकेचें सभावृत्ताचें पुस्तक मागून पाहावें असें या शोधकांपैकीं थोड्यांच्याच मनांत येतें. रेघा मारलेल्या वहींत कारकुनानें लिहून ठेवलेला ठराव हें इतिहासाचें साधन नव्हे, ती कचेरीची रद्दी होय, असा एक समज संग्राहकवर्गांत रूढ झालेला आहे. हा समज किती हानिकारक आहे हें महाड नगरपालिकेच्या दोन ठरावांच्या परीक्षणानें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हे दोन ठराव महाडच्या चवदार तळ्यासंबंधींचे होत. पहिला ५ जानेवारी १९२४ चा. अस्पृश्य मानलेल्या वर्गास तळ्याचा उपयोग करूं देण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं, असा त्याचा आशय. दुसरा ४ ऑगस्ट १९२७ चा. त्यानें पहिला ठराव रद्द झाला. दोहोंमध्यें सुमारें साडेतीन वर्षांचें अंतर आहे. त्या अंतरांत महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांतील एक मोठी घटना घडली, आणि तिच्या थोरवीपुढें हे दोन्ही कागद दृष्टीआड झाले. त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो, परीक्षण मात्र क्वचित् होतें. पहिल्या ठरावानें तळें खुलें झालें व दुसऱ्यानें तें बंद झालें, अशीं सरळ वाक्यें व्याख्यानांतून व पुस्तकांतून वारंवार आढळतात. आमच्या मतें हीं दोन्ही वाक्यें साधनपरीक्षणाच्या कसोटीस उतरत नाहींत. पहिल्या ठरावानें तळें उघडलें नाहीं आणि दुसऱ्यानें कोणाचा हक्क नाहींसा झाला नाहीं. दोन्ही ठराव शेजारीं ठेवून वाचले असतां जें सिद्ध होतें तें निराळें आहे, व इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचें आहे.

(१) घटनाक्रम

प्रथम घटनाक्रम मांडूं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व राखलेले, अथवा सरकारनें नेमलेल्या किंवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करूं द्यावा, अशी त्यांत शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ रोजीं सरकारनें या शिफारशीस अनुसरून हुकूम काढला. महाड नगरपालिकेचा जानेवारी १९२४ चा ठराव हा या परंपरेंतील आहे. पुढें १९२६ सालीं बोले यांनींच दुसरा ठराव आणला. पहिल्या ठरावाप्रमाणें न वागणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डें यांस सरकारी अनुदान देऊं नये, असें त्यांत म्हटलें होतें. असा दुसरा ठराव तीन वर्षांनीं आणावा लागला, यांतच पहिल्याची अंमलबजावणी कितपत झाली होती तें दिसून येतें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा जिल्ह्यास आतां रायगड जिल्हा म्हणतात. परिषदेच्या उभारणींत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. महाडांतील अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांचें साहाय्य होतें. दुसऱ्या दिवशीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिनिधि तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर गांवांत त्यांच्यावर हल्ला झाला आणि पंचगव्यानें तळ्याची शुद्धि करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें १९२४ चा ठराव फिरविला. बोले यांच्या ठरावास त्याच दिवशीं चार वर्षें पुरीं होत होतीं. हें तिथिसाम्य लक्षांत राहण्याजोगें असलें तरी त्यावर अर्थ लादणें योग्य नव्हे. योगायोगापलीकडे त्यास महत्त्व देण्यास पुरावा लागेल.

डिसेंबर १९२७ मध्यें पुन्हां परिषद भरावयाची होती. तत्पूर्वी १२ डिसेंबर रोजीं महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दिवाणी दावा लावला व १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषद भरली, २५ डिसेंबर रोजीं मनुस्मृतीचें दहन झालें. परंतु न्यायालयाच्या हुकुमामुळें तळ्यावरील सत्याग्रह तहकूब ठेवण्यांत आला. दाव्याचा निकाल खालच्या न्यायालयांत १९३१ सालीं वादींच्या विरुद्ध झाला. ठाण्याच्या अपिलांतही १९३३ सालीं तोच निकाल कायम झाला. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं वादींचें दुसरें अपील फेटाळलें. तळ्यावरील प्रसंगापासून अखेरच्या निकालापर्यंत दहा वर्षें लोटलीं.

(२) ठरावाचें बहिरंग

आतां या कागदांच्या जातीकडे वळूं. जुन्या कागदांचा अभ्यासक कोणताही निवाडा हातीं घेतला म्हणजे प्रथम विचारतो, हा कागद कोणी केला, कोणाच्या अधिकारानें केला, व त्यावर नांवें कोणाचीं आहेत? महजराचें उदाहरण घ्यावें. महजराचें बळ सभासदांच्या नांवांत असे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन यांच्या जोडीस बलुतेदारही साक्षीस येत, आणि ज्यांस लिहितां येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत. गांवच्या शिवेचा तंटा असला म्हणजे महाराची साक्ष विशेष मानली जाई, कारण शीव राखणें हें त्याच्या वतनी कामांपैकीं एक होतें. ज्याच्या शब्दावर गांवची जमीन कोठें संपते हें ठरे, त्याला त्याच गांवच्या पाण्यास हात लावण्याची मनाई असावी, ही विसंगति आमच्या छापलेल्या साधनांत उघड पडलेली आहे. तिची नोंद आमच्या प्रस्तावनांतून फारशी होत नाहीं, इतकेंच.

नगरपालिकेचा ठराव या परंपरेहून निराळा. त्याचें बळ सभासदांच्या वैयक्तिक प्रतिष्ठेत नसून संख्येंत व कायद्यांत असतें. ठराव मांडणारा, त्यास अनुमोदन देणारा, अनुकूल व प्रतिकूल मतें, गणपूर्ति, पुढील सभेंत झालेलें सभावृत्ताचें कायमीकरण, इतकीं अंगें त्याला असतात. शिवाय मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्याप्रमाणें, लोकांस उपद्रव होईल अथवा शांततेचा भंग होईल असें वाटल्यास नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार कलेक्टरास होता. म्हणून ठरावाचा कागद एकटा वाचणें म्हणजे महजराचा मधला बंद वाचून वरची मुद्रा व खालच्या साक्षी सोडून देण्यासारखें आहे. सभेची नोटीस, हजिरी, त्या वर्षाचें अंदाजपत्रक, कलेक्टर कचेरीशीं झालेला पत्रव्यवहार, हीं सर्व त्या कागदाचीं अंगें होत.

पुण्याचें एक उदाहरण येथें उपयोगीं पडेल. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं खर्च करण्याचा प्रश्न निघाला तेव्हां त्यांनीं एकट्यानें विरोध केला, हें त्यांच्या चरित्रांतून सर्वांस ठाऊक आहे. ठराव संमत झाला एवढेंच वाक्य कोणी उतरून घेतलें असतें, तर त्या सभेंतील इतिहासास मोलाची अशी एकच गोष्ट नेमकी गळाली असती. संमतीच्या वाक्यापेक्षां विरोधाची नोंद कधीं कधीं अधिक बोलते.

(३) ठरावाचें अंतरंग

१९२४ च्या ठरावाचा आशय सर्व वृत्तांतांत सारखाच येतो. नगरपालिकेची हरकत नाहीं. या वाक्याचा व्याकरणदृष्ट्या विचार करावा. हरकत घेण्याचा अधिकार ज्याला आहे तोच ‘हरकत नाहीं’ असें म्हणूं शकतो. म्हणजे हें वाक्य लिहितांना नगरपालिकेनें तळ्याच्या व्यवस्थेचा अधिकार आपला आहे हें गृहीत धरलें. ही या ठरावाची पहिली व निःसंशय साक्ष होय.

परंतु हरकत नसणें निराळें आणि खुलें करणें निराळें. खुलें करावयाचें तर कोणत्या दिवसापासून, कोणत्या घाटानें, अडथळा आल्यास कोणाकडे दाद मागावयाची, बंदोबस्त कोणी ठेवावयाचा, हें सर्व ठरवावें लागतें. तळ्याचें पाणी कोणी कोणास काढून द्यावयाचें नसतें. जो काठावर पोंचला त्याला तें मिळालें. म्हणून तळ्याच्या बाबतींत पाणी देणें म्हणजे वस्तुतः काठापर्यंतची वाट निर्वेध करणें होय. ‘हरकत नाहीं’ या शब्दांत नगरपालिकेची स्वतःची हरकत तेवढी दूर होते. काठावर उभ्या असलेल्या माणसाची हरकत तशीच राहते. १९२४ पासून मार्च १९२७ पर्यंत ज्यांच्यासाठीं ठराव झाला त्यांना तळ्याचा उपयोग करण्याचें धाडस झालें नाहीं, याचें कारण येथेंच आहे. ठराव खोटा नव्हता. तो अपुरा होता, आणि त्याचें अपुरेपण त्याच्या क्रियापदांतच होतें.

याच्याशीं पुण्यांतील आणखी एका प्रसंगाची तुलना करावी. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. तेथें मालक एक, त्याचा शब्द एक, आणि शब्द व कृति यांमध्यें दुसरा कोणी उभा नव्हता. म्हणून ठरावाची गरज पडली नाहीं. सार्वजनिक पाण्याचा मालक अनेकमुखी असतो. त्याचें एक मुख अनुमति देतें, दुसरें मौन धरतें, आणि तिसरें काठावर काठी घेऊन उभें राहतें. खाजगी औदार्य व सार्वजनिक हक्क यांतील हा भेद आहे. फुले यांचा हौद ही एका थोर पुरुषाची कृति होती. चवदार तळें हा नगराच्या कायद्याचा प्रश्न होता, आणि म्हणूनच त्याचा कागद जपण्याजोगा आहे.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. ठराव इतका दुबळा होता तर त्याचें महत्त्व तें काय? मार्च १९२७ मध्यें जें घडलें तें ठरावाविनाही घडलें असतें, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें मान्य नाहीं. परिषदेचे प्रतिनिधि तळ्याकडे निघाले तेव्हां न्यायबुद्धीच्या आधाराबरोबर कौन्सिलाची शिफारस, सरकारचा हुकूम व नगरपालिकेची लेखी अनुमति हे तीन कागद त्यांच्या पाठीशीं होते. त्यांचें जाणें हें अतिक्रमण नव्हे, सार्वजनिक संस्थेनें मान्य केलेल्या हक्काचें तें पालन होय, असें म्हणण्यास त्या कागदांनीं जागा दिली. काठापर्यंतची वाट ठरावानें निर्वेध केली नव्हती. ती माणसांनीं आपल्या पायांनीं, व मार खाऊन, काढली. परंतु त्या वाटेनें जाणारा माणूस अपराधी ठरूं नये एवढें काम ठरावाकडून झालें.

(४) रद्द करणारा ठराव

आतां ४ ऑगस्ट १९२७ चा ठराव पाहूं. रूढ समजाप्रमाणें यानें तळें बंद झालें. व्यवहारांत वाट अधिक बिकट झाली यांत संशय नाहीं. पण ‘हरकत नाहीं’ हें वाक्य मागें घेतल्यानें काय उरतें? अनुमति मागें घेणें म्हणजे मनाई करणें नव्हे. तसें मानावयाचें तर मूळ हक्क नगरपालिकेच्या अनुमतीवरच अवलंबून होता असें आधीं सिद्ध करावें लागेल. सार्वजनिक तळ्याचें पाणी घेण्याचा नागरिकाचा हक्क अनुमतीनें जन्मास आला नसेल, तर अनुमति काढून घेतल्यानें तो मरतही नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. रद्द करण्याचा ठराव हाही अधिकाराचाच उच्चार होय. ज्या वस्तूवर आपली सत्ता नाहीं तिजविषयींची अनुमति कोणी देत नाहीं, तशीच मागेंही घेत नाहीं. १९२४ सालीं अनुकूल होऊन व १९२७ सालीं प्रतिकूल होऊन नगरपालिकेनें दोन्ही वेळां एकच गोष्ट सांगितली, ती ही कीं, तळ्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. आणि ठराव रद्द झाल्यास पांच महिने होत नाहींत तोंच वादी न्यायालयांत जाऊन म्हणूं लागले कीं, तळें गांवच्या स्पृश्य हिंदूंच्या मालकीचें आहे व इतरांस त्यावर हक्क नाहीं. वस्तु खरोखर त्यांची असती, तर नगरपालिकेच्या ठरावानें ती गेलीही नसती आणि ठराव रद्द झाल्यानें परतही आली नसती. रद्द करणारा ठराव ज्यांस आपला विजय वाटला, त्यांच्याच मालकीच्या दाव्याविरुद्ध तो मूक साक्षीदार होऊन बसला. दोन परस्परविरोधी कागद एका मुद्यावर एकमत असले, तर तो मुद्दा विशेष विश्वसनीय समजावा, हा आमच्या शास्त्राचा जुना नियम आहे. त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण विरळा.

(५) वहिवाट व तिचा पुरावा

हायकोर्टाच्या १९३७ च्या निकालाकडे कायद्याचे अभ्यासक वळतात. इतिहासाच्या अभ्यासकांनींही वळावें. कारण न्यायमूर्तींपुढील मुख्य प्रश्न स्वरूपतः ऐतिहासिक होता. वादींचें म्हणणें दुहेरी होतें. तळें आमच्या मालकीचें, हें एक. आणि अस्पृश्यांस तेथें न येऊं देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हें दुसरें. मालकीचा मुद्दा खालच्या दोन्ही न्यायालयांत टिकला नाहीं. तळें नगरपालिकेच्या ठायीं निहित आहे असेंच ठरलें. राहिली वहिवाट.

अनादि हा शब्द आमच्या परिचयाचा आहे. जुन्या करीन्यांतून व तक्रारींतून ‘पूर्वापार’, ‘वडिलोपार्जित’, ‘पुरातन’ हे शब्द पावलोपावलीं भेटतात, आणि ते लिहिणारा पक्ष बहुधा आपल्या आजोबांच्या पलीकडचें कांहीं सांगूं शकत नाहीं. चाणाक्ष संशोधक अशा शब्दांवर भिस्त ठेवीत नाहीं. तो विचारतो, याच्या मागचा कागद कोठें आहे? न्यायालयानेंही तेंच विचारलें. तळें निदान अडीचशें वर्षांचें जुनें, हें उभय पक्षांस मान्य होतें. परंतु महाडास नगरपालिका स्थापन झाली ती १८६५ च्या सुमारास, आणि त्यापूर्वींच्या काळांतील तळ्याच्या वापरासंबंधीं पुरावा नांवास मात्र होता. अलीकडच्या काळांत अस्पृश्य तेथें पाणी भरीत नव्हते हें साक्षीदारांनीं सांगितलें. पण आजच्या स्थितीवरून मागील शतकांची स्थिति गृहीत धरावी कीं काय, हा खरा वाद होता.

यावर न्यायमूर्तींनीं दिलेलें उत्तर स्थलपरीक्षणाचा उत्तम नमुना आहे. तळें चार ते पांच एकरांच्या दरम्यानचें, नैसर्गिक खोलगट जागेंत पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्यानें भरणारें, व आतां सभोंवार सडका व स्पृश्यांचीं घरें असलेलें. हीं घरें होण्यापूर्वीं, उघड्या जागेंतील अशा पाण्यावर कोणी पहारा ठेवून एका वर्गास दूर ठेवीत असेल, हें संभवनीय दिसत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. म्हणजे मनाई तळ्याइतकी जुनी नसावी. ती घरांच्या मागून आली असावी. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाहीं, आणि अपील फेटाळलें गेलें. ही वहिवाट न्याय्य आहे कीं नाहीं, या प्रश्नास हात घालण्याची वेळच आली नाहीं.

या शेवटच्या गोष्टीनें कित्येकांचें समाधान होत नाहीं. मनुष्यत्वाचा प्रश्न कालगणनेच्या मुद्यावर सुटावा, हें त्यांस अपुरें वाटतें. भावना रास्त आहे. अन्याय जुना असला म्हणून न्याय्य होत नाहीं, आणि मनाईचें वय पांचशें वर्षें सिद्ध झालें असतें तरीही ती त्याज्यच राहिली असती. तथापि इतिहाससंशोधकांस यांत एक इशारा आहे. प्राचीनतेचा दावा हा नेहमींच निरुपद्रवी अभिमान नसतो. त्याच्या बळावर कोणाला तरी पाण्यापासून दूर ठेवलेलें असतें. असा दावा तपासल्याविना आपल्या लेखांत उतरून घेणारा संशोधक नकळत एका पक्षाचा साक्षीदार होतो. ‘पूर्वापार’ या शब्दापुढें कागद मागणें ही रुक्ष सवय दिसते खरी. महाडच्या दाव्यांत मात्र तिच्यावर हजारों माणसांचा हक्क तोलला गेला.

(६) शब्दांची परंपरा

पोथ्यांचे संग्राहक पाठपरंपरा लावण्यांत निष्णात असतात. त्यांच्यासाठीं एक निरीक्षण नमूद करितों. बोले यांच्या १९२३ च्या ठरावांत पाणवठ्याची कसोटी जातीची नसून पैशाची व व्यवस्थेची आहे. सार्वजनिक पैसा लागला असेल, किंवा सार्वजनिक संस्थेच्या हातीं कारभार असेल, तर ती जागा सर्वांची. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानघाट, रस्ते इत्यादिकांविषयीं जी तरतूद आहे तिची कसोटीही याच वळणाची आहे. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशानें राखलेल्या, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठीं अर्पण केलेल्या जागा. १७ व्या अनुच्छेदानें तर अस्पृश्यताच नष्ट केली. दोन पाठांत साम्य दिसलें म्हणून एकाची नक्कल दुसरा असें कोणी ठरवीत नाहीं. तें साम्य मात्र ध्यानांत घेण्याजोगें आहे. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे होते, आणि सार्वजनिक पैसा, सार्वजनिक संस्था व सार्वजनिक पाणी यांच्या परस्परसंबंधाचा वाद त्यांनीं स्वतः प्रतिवादी होऊन दहा वर्षें लढविला होता, एवढें येथें सांगणें पुरे.

(७) उपसंहार

वरील परीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. १९२४ चा ठराव तळें उघडल्याचा पुरावा नव्हे. नगरपालिकेनें आपला अधिकार ओळखल्याचा व आपली हरकत सोडल्याचा तो पुरावा होय. १९२७ चा ठराव हक्क संपल्याचा पुरावा नव्हे. दडपणाखालीं सार्वजनिक संस्था कशी वांकते याचा तो पुरावा होय, आणि त्याबरोबरच तळें खाजगी नव्हतें याचाही. तळें उघडलें तें माणसांच्या पायांनीं. तें उघडें राहावें असा निर्णय झाला तो पुराव्याच्या अभ्यासानें. या दोहोंच्या मधली जागा कागदांची आहे.

ही जागा रिकामी पडूं नये याची जबाबदारी आतां संग्राहकांवर आहे. महाड म्हटलें म्हणजे आमच्या वर्गास रायगडाची वाट व १७९६ चा महाडचा तह आठवतो. तसेंच नगरपालिकेचें दप्तरही आठवावें. नकला करणारानें केवळ गाजलेले ठराव उतरून थांबूं नये. हजिरी, मतविभागणी, दुरुस्तीचा खर्च, गाळ काढल्याचें बिल, घाटाच्या पायऱ्यांची मरामत, या नीरस नोंदीच पुढें मालकी व ताबा यांच्या वादांत बोलतात. तळें कोणाचें या प्रश्नास गाळ कोणी काढला या नोंदीइतकें सरळ उत्तर दुसरें नाहीं.

वेळही फार नाहीं. सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या काठचीं हीं नगरें पुराच्या तोंडीं आहेत. जुलै २००५ व जुलै २०२१ या दोन्ही वेळां महाड व चिपळूण येथें पुराचें पाणी शिरलें. १८६४ सालीं स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासही त्याचा तडाखा बसला. मोडी रुमालांस वाळवी लागते म्हणून आम्ही हळहळतों. तळमजल्यावरच्या कपाटांतील सभावृत्तांच्या वह्या एका रात्रींत लगदा होऊं शकतात, याची हळहळ कोणास वाटत नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें अशा दप्तरांची पाहणी करण्याचा व नकला घेण्याचा मार्ग नागरिकांस मोकळा झालेला आहे. राजवाड्यांच्या पिढीस दप्तर पाहावयास मिळावें म्हणून घरोघर आर्जवें करावीं लागलीं. आजच्या संशोधकास येथें एक अर्ज करावा लागतो.

हातखंब्यासारख्या गांवीं नगरपालिका नसली तरी ग्रामपंचायत आहे, आणि तिच्या सभांच्या वह्यांतही विहिरी, पाणवठे, वाटा व स्मशानें यांविषयींचे निर्णय लिहिले जातात. त्यांत ‘हरकत नाहीं’ हे शब्द जेथें जेथें भेटतील तेथें वाचकानें दोन प्रश्न विचारावे. हरकत घेण्याचा अधिकार या सभेस कोणी दिला? आणि ठरावानंतर त्या वाटेनें प्रत्यक्ष कोण चाललें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें जुळविलीं म्हणजे त्या गांवच्या इतिहासाचें एक खात्रीचें साधन हातीं येईल.